वास येतो का?

१४ नोव्हेंबर १९९४, सोमवार, धुळे
आज पारोळ्याच्या बाजारात एका भुसार व्यापाऱ्याच्या पारड्याखाली मेण चिकटवलेलं सापडलं. मी हात लावेपर्यंत तो 'साहेब, चहा' म्हणत होता. वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून अकरा वर्षं काढली, त्यातून एवढं कळलं की कुणी चहा विचारला की आधी पारडं उलटं करून बघावं.

प्रमिला म्हणते, ऑफिसचा संशय बुटांबरोबर बाहेर काढून ठेवत जा. ठेवला असता, पण घरातच काहीतरी चाललंय. संध्याकाळी कुंदा पाढे लिहिता लिहिता थांबली. नाक वर केलं आणि म्हणाली, "जळकं येतंय." मग नजर भिंतीवर खिळली, ओठ चप चप वाजायला लागले, काही खात असल्यासारखे. हाक मारली तर ओ नाही. मिनिटभराने उठली आणि दप्तर शोधायला लागली. दिवाळीची सुट्टी चालू आहे आणि पोरगी दप्तर शोधतेय. नऊ वर्षांची आहे, इतकी काही लहान नाही.

या महिन्यातली ही तिसरी वेळ. तिन्ही वेळा जळकंच. मी स्वयंपाकघर, मोरी, मागचं अंगण सगळं पाहिलं. काहीही जळत नव्हतं. म्हणजे मी पोहोचण्याआधी कुणीतरी विझवतंय.

१७ नोव्हेंबर
शेजारच्या लताबाईंवर संशय होता. त्या अंगणात पाचोळा जाळतात, कधीकधी प्लास्टिकही. सरळ जाऊन विचारलं. त्यांनी झाडू खाली टाकला आणि नवऱ्याला हाक मारली. छगनराव आले, ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बिऱ्हाडे साहेब, आता आमच्या चुलीचंबी वजन करणार का?" तेव्हापासून दोन्ही घरांचं बोलणं बंद आहे. खरं असतं तर एवढं झोंबलं असतं का, असं मी प्रमिलाला म्हटलं. ती म्हणाली, खोटं होतं म्हणूनच झोंबलं. कुंदा उंबऱ्यात उभी राहून ऐकत होती.

२० नोव्हेंबर, रविवार
सापडलं. अंघोळीचं पाणी तापवायच्या बंबातली राख चाळली आणि त्यात मिरचीची सात देठं निघाली. अर्धवट जळालेली. कागदात बांधून ठेवली आहेत.

सासूबाई, द्रौपदाबाई, दिवाळीपासून इथेच आहेत. देठं पुढे ठेवली तेव्हा त्यांनी नाकारलं नाही. "हाव, जाळ्यात मी मिरच्या. एक डाव. पोरनी दिट काढी. काय गुन्हा कया मी?"

मी म्हटलं, या घरात बाबासाहेबांच्या फोटोखाली बावीस प्रतिज्ञा लावलेल्या आहेत, इथे दृष्टबिष्ट चालणार नाही. आणि एक डाव नाही, रोज जाळता तुम्ही. पोरीला रोज वास येतो.

"एकच डाव, भाऊ. आन् तवय ठसकाबी नही उना. कोनलेच नही उना. पोर तेवढी बोलनी, वास येस."

बघा. कुणालाच ठसका आला नाही म्हणे, फक्त पोरीला वास आला. खोटं बोलणाऱ्याला आपलं खोटं नीट जुळवताही येत नाही. मी आवाज चढवला. प्रमिला मध्ये पडली, तिलाही बोललो. सासूबाईंनी सकाळची धरणगावची बस धरतो म्हणून सांगितलं आणि पिशवी भरायला बसल्या.

२१ नोव्हेंबर
सासूबाई गेल्या. कुंदा रडली नाही. शाळेत जाताना विचारलं, "आजी माझ्या वासामुळे गेली?" मी सांगितलं, आजी तिच्या वागण्यामुळे गेली. पोरांना कारण स्पष्ट सांगावं. आता वास बंद होईल.

२८ नोव्हेंबर
बंद झाला नाही. आज शाळेत प्रार्थनेच्या रांगेत पडली. हातपाय झटकले, तोंडाला फेस. बाईंनी कुणाची तरी चप्पल काढून तिच्या नाकाला लावली. मी पोहोचलो तेव्हा दोन जणी अजून चप्पल धरून उभ्या होत्या. त्या चपलेचा वळ तिच्या गालावर उमटलेला होता. मला तिथल्या तिथे रडू आलं, हे इथे लिहून ठेवतो, कुणाला सांगणार नाही.

इथले डॉक्टर म्हणाले, ही फीट आहे, आधीचं ते मध्येच थांबणंही फीटच. जळगावला पुण्याच्या एक डॉक्टरबाई शनिवारी येतात, लहान मुलांच्या मेंदूच्या. त्यांना दाखवा.

म्हणजे सासूबाई नव्हत्या? पण देठं तर खरी होती.

३ डिसेंबर, शनिवार
जळगाव. डॉक्टर मेहेंदळे वयाने माझ्याहून लहान, बोलायला मऊ. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "वास बाहेरून येत नाही. मेंदूतली वास ओळखणारी जागा आपोआप चेतते, म्हणून तिला तो येतो. फीटची सुरुवात तिथून होते."

वस्तू नाही आणि वास आहे. मी ऐकून घेतलं.

बाई फीट येणाऱ्या चाळीस मुलांचा अभ्यास करताहेत. कुणाला वास कळतो, कुणाला नाही, आणि मेंदूच्या फोटोत त्या जागी काय दिसतं, ते ताडून बघायचंय. त्यात नाव घातलं तर स्कॅन फुकट. फुकट म्हटल्यावर माझे कान टवकारले.

कुंदाचे डोळे मिटवले, एक नाकपुडी दाबली आणि बारक्या बाटल्या एकेक करून नाकाखाली धरल्या. प्रत्येक वेळी "वास येतो का?" लवंगेला नाही म्हणाली. कापराला नाही. वेलचीला नाही, साबणाला नाही. हिंगाला मात्र हो. दुसऱ्या नाकपुडीलाही तसंच. बाई गंभीरपणे फुल्या मारत होत्या.

हे साफ खोटं आहे. हीच पोरगी गल्लीच्या टोकावरून कुणाकडे भरीत आहे ते सांगते. एक तर ती मुद्दाम नाही म्हणतेय, नाहीतर त्या बाटल्यांत काही नव्हतंच. बाईंना अभ्यासासाठी नाक बंद असलेली पोरं हवी असणार, त्यांना ती मिळताहेत.

१० डिसेंबर
स्कॅन झाला. कुंदा त्या मोठ्या कड्यात आडवी सरकली तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं आणि हसली. शहाणी पोर आहे.

फिल्म हातात येताच कोपरा वाचला. नाव बरोबर, वय बरोबर, पण मुलगी लिहायच्या जागी मुलगा! माझ्या खात्यात शिक्क्यात एक अक्षर चुकलं तर ते वजन बाद होतं. मी तिथेच हरकत घेतली. तिथला माणूस म्हणाला, टाइप करताना चुकलं, साहेब. सगळेच असं म्हणतात.

११ डिसेंबर, रविवार
आज घरी स्वतः परीक्षा घेतली. होमिओपॅथीच्या रिकाम्या बाटल्या उकळून वाळवल्या. मीच भरल्या, मीच नंबर टाकले. कुंदाच्या डोळ्यांवर रुमाल बांधला आणि पहिली बाटली धरली.

"वास येतो का?"

"नाही."

"खरं सांग."

"खरंच नाही, पप्पा."

"मग काय येतं?"

"लवंग."

मी बाटलीकडे बघत राहिलो. म्हटलं, अगं, लवंग कळली ना, मग नाही का म्हणतेस? तर म्हणाली, "लवंगेला कुठे वास येतो? वास तर तुमच्या मोज्यांना येतो."

प्रमिला आत हसायला लागली ती थांबेना. खरंच की. आपण 'वास येतोय' म्हणतो तेव्हा नाक मुरडूनच म्हणतो. तिने हिंगाला तेवढं हो म्हटलं! पुढच्या सगळ्या बाटल्या धडाधड ओळखल्या. पुण्याच्या बाईंना जे कळलं नाही ते वजनमापेवाल्याने शोधलं. फार दिवसांनी घरात हसू ऐकलं.

१७ डिसेंबर, शनिवार
बाईंना सांगितलं. मला वाटलं, रागावतील. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "चाळीस मुलांना मी हाच प्रश्न विचारलाय." मग माझ्यासमोरच कागदावरचा प्रश्न खोडून लिहिला, 'हे काय आहे, ओळख.' सगळ्या मुलांना पुन्हा बोलावणार आहेत. एवढ्या सहजपणे चूक मान्य करणारं माणूस मी सरकारी नोकरीत पाहिलेलं नाही. फिल्मचीही खात्री त्यांनी माझ्यासमोर रजिस्टर मागवून, नंबर आणि वेळ जुळवून करून दिली. कुंदाचीच आहे.

मग उजेडाच्या पेटीवर लावून दाखवली. उजव्या कानशिलाच्या आत ज्वारीच्या दाण्याएवढं गोल वळं. अशा गाठी आपल्याकडच्या पोरांत दिसतात म्हणाल्या, बऱ्याचदा काही महिन्यांत विरतात. तोवर फीट आवरायची. मी म्हटलं, म्हणजे पारडं रिकामं असताना काटा हलतो, तसं? "अगदी तसं," बाई म्हणाल्या. माझी समजूत पटली.

गोळी अर्धी सकाळी, अर्धी संध्याकाळी. आणि एक वही. बाईंनी दोनदा बजावलं की वास हीच छोटी फीट आहे. प्रत्येक वास लिहा. वास येत राहिला तर गोळी वाढवावी लागेल, नाहीतर एखाद्या दिवशी मोठी फीट येईल, पाण्याजवळ, विस्तवाजवळ, कुठेही. वहीवरून मी डोस ठरवणार, म्हणाल्या.

वही ठेवण्यात माझा हात धरणारा कुणी नाही.

५ जानेवारी १९९५
वहीत आतापर्यंत सहा वेळा 'आला'. दिवस, वेळ, जागा, सगळे रकाने आखले आहेत.

बाईंचं पटलेलं आहे. तरी कुंदाने नाक वर केलं की मी उठतोच, गॅस बघतो, बंब बघतो, बाहेर डोकावतो. सवय आहे, चौकशी केल्याने कुणाचं काय जातं? काल प्रमिला चपात्या करत होती आणि कुंदाला वास आला. मी तवा बघितला, किंचित काळा होता. म्हटलं, हेच तर होत नसेल ना? धुराने चेतत असेल. तूच थोडी काळजी घे. प्रमिलाने गॅस बंद केला आणि पदर डोळ्याला लावून खाली बसली. "आईला घालवलंत. आता मला घालवा," म्हणाली. कुंदा भानावर येत होती. तिने आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

१९ जानेवारी
नऊ तारखेपासून वही स्वच्छ आहे. रोज सकाळ-संध्याकाळ मी विचारतो, "वास आला का?" आणि ती चटकन सांगते, "नाही." गोळी लागू पडली. रकाने बघून छाती भरून येते.

आज विचारत होती, "अजून किती दिवस नाही म्हटलं की आजी येईल?" मी म्हटलं, नाही म्हटलं की नव्हे, नाही आला की. बोलणं नेमकं हवं. ती म्हणाली, "तेच."

एक गोष्ट खटकते. हल्ली ही मधूनच उठते आणि न्हाणीघरात जाऊन कडी लावते. जेवताना ताट सोडून गेली. पाच-सात मिनिटांनी येते, तोंड धुतलेलं असतं. विचारलं तर "काही नाही."

४ फेब्रुवारी, शनिवार
जळगावला वही दाखवली. बाईंनी पानं उलटली. "जवळजवळ चार आठवडे एकदाही नाही? एवढ्या लहान डोसवर?" मी म्हटलं, लिहिलंय ते तपासून लिहिलंय.

"तिला विचारतं कोण?"

"मीच."

"आणि आला म्हणाली तर काय करता?"

"चौकशी."

"कशाची?" बाईंनी पेन हातातच धरलं होतं.

मी सवयीचं सांगितलं. मग म्हणाल्या, कुंदाशी जरा एकटीने बोलू का? इथे मला पुन्हा शंका आली. मी साक्षीदार पढवताना पाहिलेले आहेत. पोरीला एकटं घ्यायचं, तिच्या तोंडी हवं ते घालायचं आणि अभ्यासात आकडा वाढवायचा. म्हटलं, जे विचारायचं ते माझ्यासमोर विचारा. त्यांनी विचारलं. कुंदाने माझ्याकडे पाहून सांगितलं, नाही. गोळी आहे तेवढीच ठेवली.

१२ फेब्रुवारी, रविवार
आज न्हाणीघराच्या दाराला कान लावला. पाण्याचा आवाज नाही. नुसतं चप चप, चप चप. म्हणजे खातेय! चोरून काहीतरी खातेय. पोरं खडू खातात, माती खातात. ती बाहेर आल्यावर आत शिरलो. बादली, बंब, मोरीचा दगड, कोनाडा, सगळं पाहिलं. खायचं काही सापडलं नाही. फक्त तिच्या फ्रॉकचं टोक ओलं आणि चावलेलं होतं.

प्रमिला म्हणाली, ती कडी काढून टाका. मी म्हटलं, कडी काढली तर ती दुसरी जागा शोधेल. रंगेहाथ सापडली पाहिजे. थोडा धीर धर.

२१ फेब्रुवारी, मंगळवार
सकाळी साडेसात. ती आत होती, बंब पेटलेला होता. मी बाहेर उभा होतो. ऐकत होतो. चप चप झालं, मग धाडकन आवाज. कडी आतून. खांद्याने धक्के देत होतो, प्रमिला ओरडत होती. छगनराव पहार घेऊन भिंतीवरून उडी मारून आले, आमच्यात बोलणं नाही तरी. दार तुटलं.

बंबाला टेकून पडली होती, अजून झटके येत होते. डावा हात दंडापासून कोपरापर्यंत भाजला आहे.

सरकारी दवाखान्यात दुपारी तिने डोळे उघडले. प्रमिला उशाशी, लताबाई पायाशी, मी समोर. कुंदाने आळीपाळीने आम्हा तिघांकडे पाहिलं आणि मी काही विचारायच्या आतच म्हणाली, "पप्पा, वास नाही आला. कुणीच काही नाही केलं."

२३ फेब्रुवारी
आज सगळं लिहिणार.

वास आला म्हणून मी लताबाईंच्या घरी भांडून आलो. सासूबाई गेल्या. प्रमिला रडली. प्रत्येक वेळी पोरीने खरं सांगितलं आणि प्रत्येक वेळी मी कुणाला तरी पकडलं. मग तिने सांगणं बंद केलं. वास यायला लागला की माणसांतून उठून कडी लावायची, फ्रॉक तोंडात धरायचा आणि एकटीने सोसायचं, हे नऊ वर्षांच्या पोरीने माझ्यापासून घर वाचवायला शोधून काढलं. आणि मी दाराबाहेर उभा राहून तिला चोर समजत होतो. ती आत पडेपर्यंत मी वाट बघितली. हे मी केलं. दुसरं कुणी नाही.

फोनवर डॉक्टरबाईंना सगळं सांगितलं. त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. गोळी वाढवली. म्हणाल्या, गाठ जाईल. पण ती सांगेल तरच मला कळेल. ती सांगेल असं करा.

कसं करू, ते त्यांनी सांगितलं नाही.

२६ फेब्रुवारी, रविवार
काल कुंदाला घरी आणलं. आज सकाळी धरणगावला गेलो. सासूबाई ओट्यावर कपाशीच्या काड्या मोडत बसल्या होत्या. मी काय बोलायचं ते बसमध्ये पाठ केलं होतं. त्यातलं एकही वाक्य आठवलं नाही.

"पोर कशी शे?" त्यांनी विचारलं.

"हात भाजलाय. तुमची वाट बघतेय."

त्यांनी काड्या बाजूला सारल्या. "बस कितला वाजता शे?"

बसमध्ये एरंडोलच्या पुढे माझ्याने राहवलं नाही. सासूबाईंना म्हटलं, मावशी, चुकलो मी. त्या खिडकीबाहेरच बघत होत्या. म्हणाल्या, "माले नका सांगू. तिले सांगा."

२ मार्च, गुरुवार
संध्याकाळी कुंदा माझ्याजवळ बसून डाव्या हाताची पट्टी सावरत चित्र रंगवत होती. प्रमिला लताबाईंकडे गेली होती, सासूबाई मागे अंगणात. कुंदाचा हात थांबला. नाक वर गेलं. तिने न्हाणीघराकडे पाहिलं. कडी मी परवाच काढून टाकली आहे. मग माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मी जिथे होतो तिथेच बसून होतो.

"पप्पा," ती हळूच म्हणाली, "जळकं येतंय."

माझे पाय उठू बघत होते. मी मांडी घट्ट घातली, तिला कुशीत घेतलं, भाजलेला हात बाजूला ठेवला. म्हटलं, येऊ दे. मी इथेच आहे. कुठेही बघायला जात नाही. तिने डोकं माझ्या छातीला टेकवलं आणि आम्ही दोघं फीटची वाट बघत बसलो. तिची नजर खिळेना. ओठ वाजेनात. मी मनात शंभरपर्यंत मोजलं. आणि जळकं आता मलाही यायला लागलं.

"भाऊ! दूध उतू गयं हो!" सासूबाई मागच्या दारातून ओरडल्या. "बठ्ठं करपी गयं, आन् तुम्ही आठेच बसेल शेतस!"

कुंदा वर बघून खदखदून हसली. मी तरीही उठलो नाही, कारण ती कुशीतून उठत नव्हती.

वही समोरच पडली होती. आजच्या रकान्यात काय लिहू, असं मी तिलाच विचारलं. तिने पेन माझ्या हातातून घेतलं, वेळेच्या रकान्यापाशी थोडा विचार केला आणि गोल अक्षरात लिहिलं, 'दूध'.